उलटी वाजणारी कॅसेट वाया गेलेली नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. 1992 ते 1996 या काळात तुम्ही चौघं इंजिनिअरिंगची पोरं कोल्हापुरात हार्ड रॉक वाजवत होता. तुम्ही ड्रमवर. सुरुवात गॅदरिंगपासून, मग सांगली, बेळगाव, पुणे, स्वतःची सहा गाणी, आणि मग भांडण होऊन सगळं थांबलं. गायकाशी तेव्हापासून बोलणं नाही. गिटारवाले 2011 मध्ये गेले. आता तुमच्या मुलीनं एका कॅसेटमधला चाळीस सेकंदांचा तुकडा मोबाईलवर टाकला आणि अनोळखी पोरं ‘हा बँड कुठला, पूर्ण गाणं कुठं मिळेल’ म्हणून मागं लागली. पेटीत अकरा कॅसेट निघाल्या. त्यातल्या दोन तुमच्या मते वाया गेल्यात, कारण एका बाजूला गाणं अगदी संथ वाजतं आणि दुसऱ्या बाजूला उलटं. तुम्ही विचारलंय, कॅसेट वाचतील का, गाणी बाहेर काढावीत का, आणि पुन्हा एकत्र वाजवावं का.

मी तीस-बत्तीस वर्षं आवाजाच्या धंद्यात आहे. मांडवातले कर्णे बांधण्यापासून सुरुवात केली, पुढं ऑर्केस्ट्राचा साउंड बघितला, आणि आता बरीच वर्षं जुन्या टेप उतरवून देतो. त्यामुळं आधी त्या दोन कॅसेटबद्दल बोलतो, कारण तुमच्या पेटीतला सगळ्यात मोलाचा माल तोच आहे.

त्या बिघडलेल्या नाहीत, त्या चार ट्रॅकच्या आहेत. साध्या कॅसेटमध्ये एका बाजूला दोन ट्रॅक, म्हणजे टेपवर आवाजाच्या दोन वेगळ्या पट्ट्या असतात, डावा आणि उजवा, आणि कॅसेट उलटली की उरलेले दोन. टिॲक कंपनीनं 1979 मध्ये पोर्टास्टुडिओ नावाचं यंत्र काढलं. त्यात हे चारही ट्रॅक एकाच दिशेनं भरता येत आणि एकत्र वाजवता येत. पुष्कळ मॉडेलमध्ये टेपही दुप्पट वेगानं पळायची, सेकंदाला 4.76 सेंटिमीटरऐवजी साडेनऊ. अशी कॅसेट घरच्या डेकवर, म्हणजे साध्या कॅसेट वाजवायच्या यंत्रावर लावली की पहिले दोन ट्रॅक अर्ध्या वेगानं ऐकू येतात, आणि बाजू पालटली की उरलेले दोन संथ तर वाजतातच, शिवाय उलटे वाजतात. तुमचं लक्षण हेच आहे. खात्री करायची असेल तर आठवून बघा, संथ बाजूला ड्रम आणि बास आहे पण गायक नाही, असं काही आहे का? असेल तर गायक आणि गिटार उलट्या बाजूला आहेत. आणि तुमच्यापैकी कुणीतरी त्या काळात फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती बटणं असलेलं बारकं मशीन चार दिवसांसाठी कुणाकडून तरी मागून आणलं होतं, हेही आठवेल.

याचा अर्थ असा की तुमच्याकडं नुसतं गाणं नाही, गाण्याचे सुटे भाग आहेत. उरलेल्या नऊ कॅसेटवर जे आहे ते एकत्र मिसळलेलं, त्याच्यात आता फार काही करता येत नाही. या दोनमध्ये मात्र गायकाचा आवाज वेगळा काढून पुढं आणता येईल, ड्रमची पातळी बदलता येईल. तीस वर्षांपूर्वीची गाणी आज नव्यानं मिक्स करता येतील.

म्हणून हात जोडून सांगतो, त्या दोन कॅसेट आता एकदाही लावू नका. मुलीला ऐकवायला नाही, खात्री करायला नाही. जुन्या कॅसेटचा सर्वात जास्त घात आपल्याकडं टू-इन-वनच्या कडक झालेल्या रबरी रोलरनं केलाय. वर्षानुवर्षं बंद पडलेलं मशीन कौतुकानं माळ्यावरून काढतात, पहिलीच कॅसेट घालतात, आणि ती गुंतते. चुरगळलेला तुकडा हातानं सरळ करता येतो, पण त्या जागी आवाज कायमचा बुडतो.

आपल्या गावाचा पावसाळा टेपला मानवत नाही. कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेली कॅसेट आणखी वाईट, आत दमट हवा कोंडते आणि टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून उजेडात बघा. गुंडाळीवर तांदळाच्या पिठासारखा पांढरा थर दिसला तर ती कॅसेट बाकीच्यांपासून बाजूला ठेवा, कारण एका डेकवरून बुरशी दुसरीला लागते. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरी, रमणमळ्यात शिरलं, त्यानंतर माझ्याकडं चिखलानं भरलेल्या कॅसेट आल्या होत्या. टेपची पट्टी पॉलिएस्टरची असते, पाण्यानं ती लगेच मरत नाही. लोकांनी त्या उन्हात वाळत घातल्या, त्यानं जास्त नुकसान झालं. ज्या ओल्याच आणून दिल्या, त्या शुद्ध पाण्यात धुऊन सावलीत वाळवल्या आणि बऱ्याच वाचल्या.

माझ्या टेबलावर कॅसेट आली की काय होतं ते सांगतो, म्हणजे कुणाकडंही दिलीत तरी काय विचारायचं हे तुम्हाला कळेल. आधी कव्हर उघडायचं. पाच स्क्रूचं असेल तर सोपं, चिकटवलेलं असेल तर कडेनं ब्लेड फिरवून. आत हेडसमोर, म्हणजे मशीनचा जो भाग टेपवरचा आवाज वाचतो त्याच्यासमोर, पितळी पट्टीवर फेल्टची एक छोटी गादी असते, तुरीच्या डाळीएवढी. तिचा डिंक सुकतो आणि ती निसटते. तुमच्या नऊपैकी दोन-तीन कॅसेट ‘आवाज येतोय पण लांबून आल्यासारखा’ अशा वाजत असतील तर बहुतेक कारण एवढंच. टेपच्या दोन्ही गुंडाळ्या उचलून नव्या स्क्रूच्या कव्हरमध्ये बसवायच्या. मग एकदा पुढं, एकदा मागं, सावकाश पूर्ण गुंडाळून घ्यायची, कारण वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली टेप चिकटलेली असते.

त्यानंतरचं काम घाईत करतात, आणि सगळा फरक तिथंच पडतो. ज्या मशीनवर तुम्ही रेकॉर्ड केलं त्याचं हेड अगदी किंचित तिरकं असणार. प्रत्येक मशीनचं असतं. वाजवणाऱ्या डेकचं हेडही तेवढंच तिरकं करावं लागतं, नाहीतर झांजा आणि स-श-च चे उच्चार जातात आणि सगळं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. डावा-उजवा आवाज एकत्र करून ऐकायचा आणि हेडशेजारचा स्क्रू केसभर केसभर फिरवायचा. एका जागी अचानक ड्रमची झांज उघडते. तीस वर्षं बंद खिडकी उघडल्यासारखं होतं ते. दर कॅसेटला हे नव्यानं करायचं, आणि कधी कधी एकाच कॅसेटच्या दोन बाजूंना वेगवेगळं. तुम्ही कॅसेट ज्यांच्याकडं द्याल त्यांना एवढंच विचारा, ‘हेड प्रत्येक कॅसेटला लावून घेता का?’ उत्तर नाही आलं किंवा प्रश्न कळला नाही, तर कॅसेट परत घ्या.

कॅसेटवर ‘डॉल्बी’ लिहिलेलं असेल तर तेही बघा. कोल्हापुरात डॉल्बी म्हटलं की मिरवणुकीतली स्पीकरची भिंत डोळ्यांसमोर येते, पण हे ते नव्हे. ही टेपची खरखर कमी करायची पद्धत आहे, आणि ती लावून भरलेली कॅसेट ती लावूनच वाजवावी लागते. चार ट्रॅकच्या मशीनवर बहुधा डीबीएक्स नावाची दुसरी पद्धत असायची. ती न लावता वाजवलं तर आवाज दमा लागल्यासारखा वरखाली होतो. म्हणून तुमच्या त्या दोन कॅसेटसाठी शक्यतो त्याच जातीचं मशीन शोधा. नाहीच मिळालं तर साध्या चांगल्या डेकवर 24 बिट, 96 किलोहर्ट्झला दोन्ही बाजू उतरवायच्या, फाइल 192 ची आहे असं सॉफ्टवेअरला सांगायचं म्हणजे वेग दुप्पट होतो, दुसरी बाजू उलटी करायची आणि चार ट्रॅक जुळवायचे. गाणं पुढं जाईल तसे ते थोडे सरकतात, मध्ये मध्ये ओढून बसवावे लागतात. कष्टाचं आहे, पण होतं.

वेगाबद्दल एक चूक मी केली आहे, ती तुमच्या बाबतीत होऊ नये म्हणून सांगतो. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये ॲम्प्लिफायरमधून विजेची घुं ऐकू येते. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून ती घुं 50 वर आणली की टेपचा वेग बरोबर, असं मला शिकवलं होतं. एका भजनी मंडळाची 1994 सालची कॅसेट मी तशी लावून दिली. चार दिवसांनी त्या बुवांची बहीण आली. म्हणाली, “दादा, आवाज स्वच्छ केलासा, पण हा आमचा आण्णा नव्हे. आण्णाचा आवाज येवढा कोवळा नव्हता.” मी पुन्हा बसलो. त्यांची बाजाची पेटी माझ्याकडं आणवली, तिच्या सुराशी ताडून बघितलं आणि चूक सापडली. नव्वदच्या दशकात आपल्याकडं संध्याकाळी भार वाढला की विजेची फ्रिक्वेन्सी 48.5 पर्यंत उतरायची. 2002 नंतर वीज घेण्या-देण्याचे नियम बदलले तसं ते सुधारलं. 48.5 ची घुं मी 50 वर ओढली, म्हणजे तीन टक्के वेग वाढवला. तीन टक्के म्हणजे जवळजवळ पाव स्वर. आण्णांचं वय मी वीस वर्षांनी कमी केलं होतं. पैसे परत दिले आणि काम पुन्हा करून दिलं.

तुमच्या बाबतीत पेच वाढतो, कारण हार्ड रॉकवाले गिटारच्या तारा बऱ्याचदा अर्धा स्वर उतरवून लावतात. मग टेपवर सूर उतरलेला दिसला तर तो वेगामुळं की मुद्दाम, हे यंत्र सांगू शकत नाही. ते तुम्हीच आठवून सांगायचं. ट्यूनर होता की कुणाच्या हार्मोनियमवर सूर लावायचा? एखाद्या गाण्यात कीबोर्ड होता का? असेल तर सुटलात, कीबोर्डचा सूर हलत नाही. जनरेटरवर रेकॉर्ड केलं होतं का? या प्रश्नांची उत्तरं तुमच्या एकट्याकडं नसतील. बासवाले आणि गायक यांना विचारावं लागेल, आणि इथून तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग सुरू होतो.

तुम्ही लिहिलंय की भांडण एका कार्यक्रमाच्या मानधनावरून झालं. मला ते खोटं वाटत नाही, पण पुरेसंही वाटत नाही. मी त्या काळात स्टेजच्या खाली उभा होतो आणि आपल्या भागातले असे चार-पाच बँड फुटताना बघितलेत. प्रत्येकाकडं एक ‘त्या रात्रीची’ गोष्ट असते. खाली बघितलं की कारणं तीच निघतात. सराव कुठं करायचा? तर उद्यमनगरात कुणाच्या तरी शेडमध्ये, कारण तिथं लेथ आणि ग्राइंडरच्या आवाजात ड्रमची तक्रार कोण करणार. शेड मालकाला जागा लागली की सराव बंद. सामान कुणाचं? परदेशी गिटार आवाक्याबाहेर, गिव्हसन नाहीतर हॉबनर घ्यायची, फ्रेट घासल्या की मिरजेला तंतुवाद्य करणाऱ्यांच्या हातापाया पडायचं. ॲम्प एकाचा, ड्रमसेट दुसऱ्याचा. ज्याचा ॲम्प त्याला पुण्यात नोकरी लागली की बँडचा अर्धा आवाज एसटीत बसून जातो. आणि पैसा ऑर्केस्ट्रात होता. चांगल्या गिटारवाल्याला ऑर्केस्ट्रा एका रात्रीचे रोख पैसे द्यायचा, तर तुमच्या कार्यक्रमाला जेवण आणि गाडीभाडं. घरचे विचारणार नाहीत का? तुमच्या गिटारवाल्यांनी शेवटच्या वर्षी दोनदा सराव चुकवला आणि गायक चिडले, असं तुम्हीच एका ओळीत लिहिलंय. ते कुठं वाजवत होते, हे तेव्हा कुणी विचारलं होतं का?

मी निकाल देत नाही, मी तिथं नव्हतो. पण मानधनाचं भांडण हे बऱ्याचदा शेवटचा खिळा असतो. मुंबईच्या रॉक मशीन या बँडकडं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त होतं. 1984 ला उभा राहिलेला बँड, 1988 मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम, देशभर नाव, 1993 मध्ये इंडस क्रीड असं नवं नाव घेतलं, 1995 ला आणखी एक अल्बम, आणि 1997 ला तेही थांबले. 2010 मध्ये उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया पुन्हा एकत्र आले, बास आणि ड्रमवर तरुण मुलं घेतली आणि 2012 मध्ये नवा अल्बम काढला. तेरा वर्षांच्या खंडानंतर. एवढ्या नावाजलेल्यांचं जे झालं ते उद्यमनगरातल्या शेडमध्ये झालं, यात तुमच्यापैकी कुणाचा गुन्हा शोधत बसू नका.

आता पुन्हा सापडण्याबद्दल. लोकांना वाटतं की जुना बँड श्रोते शोधून काढतात. माझा अनुभव असा की श्रोते शेवटी येतात. त्याच्या आधी कुणीतरी टेप जपलेली असते आणि कुणीतरी घरातलं माणूस पेटी उघडतं. डेट्रॉईटमधल्या डेथ नावाच्या बँडचं उदाहरण देतो, कारण ते तुमच्या फार जवळचं आहे. डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस हॅकनी, तीन सख्खे भाऊ, गोष्ट सत्तरच्या दशकातली. कृष्णवर्णीय पोरांनी असला कर्कश, वेगवान रॉक वाजवणं तेव्हा लोकांच्या पचनी पडत नव्हतं, आणि त्यात नाव असं. वडील अपघातात गेल्यानंतर डेव्हिडनं ते नाव ठेवलं होतं आणि तो ते सोडायला तयार नव्हता. 1975 मध्ये त्यांनी सात गाणी रेकॉर्ड केली. रेकॉर्ड कंपनीतले बडे अधिकारी क्लाइव्ह डेव्हिस पैसे द्यायला तयार होते, नाव बदला म्हणाले. डेव्हिडनं नकार दिला. 1976 मध्ये स्वतःच्या खर्चानं एका छोट्या रेकॉर्डच्या 500 प्रती काढल्या, त्या कुणी विचारल्या नाहीत, आणि बँड संपला. दोघं भाऊ पुढं रेगे वाजवू लागले. डेव्हिडनं मास्टर टेप बॉबीच्या हवाली केल्या, जग एक दिवस या मागत येईल असं सांगून, आणि 2000 मध्ये तो कॅन्सरनं गेला.

पुढं बॉबीच्या मुलाला एका पार्टीत गाणं ऐकू आलं आणि आवाज आपल्या बापाचा आहे हे त्याला कळलं. घरात कधी विषयच निघाला नव्हता! मुलांनी बापाच्या पिढीची गाणी स्वतः बँड करून वाजवायला घेतली आणि 2009 मध्ये ड्रॅग सिटी कंपनीनं ती सात गाणी अल्बम म्हणून काढली. रेकॉर्ड केल्यानंतर चौतीस वर्षांनी. नीट बघा, यात काय काय लागलं. एक हट्टी माणूस, ज्यानं टेप फेकली नाही. एक भाऊ, ज्यानं त्या सांभाळल्या. आणि एक पोरगा. तुमच्याकडं पेटी तुम्ही सांभाळलीत आणि मुलगीही आहे.

आपल्याकडंही झालंय. आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे मुंबईत सत्तरच्या दशकात रॉक गात होते, हे नाटकवाल्या मराठी घरांनासुद्धा फारसं ठाऊक नसतं. ॲटॉमिक फॉरेस्ट या ज्या बँडमध्ये ते होते, त्याची एकच एलपी 1981 मध्ये निघाली, ती विस्मरणात गेली, आणि 2011 मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीनं ती पुन्हा काढली. तीस वर्षांनी! कारण एलपी होती. वस्तू होती म्हणून शोधणाऱ्याला सापडली.

आणि वस्तू नसली की काय होतं हे कोल्हापूरला कुणी शिकवायला नको. उस्ताद अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी या गावात राहिले, जयपूर घराणं त्यांनी इथं वाढवलं, केसरबाई आणि मोगूबाईंसारख्या शिष्या घडवल्या. 1946 मध्ये ते गेले. त्यांच्या गळ्यातून निघालेला एक स्वरही आज ऐकायला मिळत नाही. त्यांचं ध्वनिमुद्रणच नाही. शिष्यांच्या गाण्यातून आपण त्यांचा अंदाज बांधतो. तुमची सहा गाणी आणि खाँसाहेब यांची तुलना मी करत नाही, तेवढं भान मला आहे. पण 2024 च्या 8 ऑगस्टला केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, त्या रात्री बाहेर रस्त्यावर उभी असलेली माणसं मी बघितली. जी गोष्ट उद्याही असणार असं आपण धरून चालतो ती एका रात्रीत जाते. म्हणून मुलीच्या त्या तुकड्याला किती जण बघतायत हे महिनाभर विसरा आणि आधी टेप उतरवून घ्या. फाइलच्या तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या गावात, बासवाल्यांच्या घरी राहू दे. कॅसेट उतरवून झाली म्हणून फेकायची नाही, उद्या याहून चांगलं मशीन मिळेल.

कच्ची फाइल जशीच्या तशी ठेवा. सफाई करायची ती तिच्या प्रतीवर. आजकाल सॉफ्टवेअर मिसळलेल्या गाण्यातूनही आवाज वेगळे काढतं, नऊ कॅसेटवर ते करून बघायला हरकत नाही, पण खरखर पूर्ण पुसायच्या नादात झांजांचा उजेडही पुसला जातो. थोडी खरखर राहू द्या. आणि आवाज उगाच फुगवू नका. गाणी ऐकवणाऱ्या बऱ्याच कंपन्या सगळं आपापल्या ठरावीक पातळीवर आणूनच वाजवतात, फुगवलेलं गाणं तिथं खाली ओढलं जातं आणि नुसतं चेपलेलं राहतं.

आता हक्कांचं. हे कंटाळवाणं आहे पण इथं चुकलात तर तीस वर्षांचं भांडण कोर्टात जाईल. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात एका रेकॉर्डिंगमध्ये अनेक वेगळे हक्क असतात. शब्द लिहिणाऱ्याचा आणि चाल बांधणाऱ्याचा हक्क त्यांच्या हयातीत आणि पुढं साठ वर्षं. गिटारवाले 2011 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चालींवर 2071 संपेपर्यंत त्यांच्या वारसांचा हक्क आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क ज्यानं ते करायचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली त्याचा, प्रकाशनापासून साठ वर्षं. तुम्ही चौघांनी वर्गणी काढून केलं असेल तर चौघांचा. शिवाय वाजवणाऱ्या प्रत्येकाचा कलाकार म्हणून हक्क आहेच. म्हणून एका साध्या कागदावर प्रत्येक गाण्यापुढं लिहा : शब्द कुणाचे, चाल कुणाची, कुणी काय वाजवलं, पैसे आले तर वाटणी कशी. बँडमध्ये चालत आलेली सोपी वाटणी म्हणजे चौघांना सारखं, गेलेल्याचा वाटा घरच्यांना. सगळ्यांच्या सह्या. इंग्रजी बँडांची जी गाणी तुम्ही वाजवलीत ती यात घेऊ नका, त्यांचे मालक वेगळे आणि त्यांची परवानगी लागते. तुमची स्वतःची सहा गाणी पुरेत.

या कागदावर गायकाची सही लागणार. मुलीनं टाकलेल्या तुकड्यात आवाज त्यांचा आहे, आणि त्यांना विचारलेलं नाही. हे मला तुमच्या पत्रात खटकलं, स्पष्ट सांगतो. फोन तुम्ही करायचा. मुलीनं नाही, बासवाल्यांनी मध्यस्थी करून नाही. मानधनाचा विषय काढू नका, माफीची भाषाही लगेच नको. टेपचा प्रश्न विचारा, तो खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तुम्हाला हवंच आहे. ‘आपण तारा अर्धा स्वर उतरवून लावायचो का रे? गाणं जड जायचं म्हणून तूच सांगितलं होतंस ना?’ मी दोन वेळा असं घडलेलं बघितलंय. तीस वर्षं न बोलणारी माणसं सूर, ताल आणि ‘तिसऱ्या कडव्यानंतर कोण चुकलं होतं’ यावर तासभर बोलतात.

पुन्हा वाजवण्याबद्दल मी घाई करणार नाही. तुमची पन्नाशी उलटली आहे, हार्ड रॉकचं ड्रमिंग खांद्यांचं काम आहे, सहा महिने रोज पॅडवर बसल्याशिवाय स्टेजचं नाव काढू नका. एखादा विशीतला गिटारवाला शोधा, आपल्या गावात आता चांगली पोरं आहेत, आणि त्याला गेलेल्या माणसाची नक्कल करायला लावू नका. पहिला कार्यक्रम साठ-सत्तर माणसांचा असू दे. तोही गाणी बाहेर आल्यानंतर.

एक काम मात्र त्या सगळ्याच्या आधी करा. चार ट्रॅक वेगळे झाले की गिटारचा ट्रॅक एकटा असेल. बाकी तीन बंद करून तो एका छोट्या स्पीकरवर घ्या आणि त्यांच्या आईंकडं जा. तुम्ही लिहिलंय त्या अजून राजारामपुरीतल्या जुन्या घरीच आहेत. पूर्ण गाणं ऐकवू नका, ड्रमच्या दणक्यात त्यांना काही कळणार नाही. नुसती त्यांच्या मुलाची गिटार ऐकवा. आणि अशा ट्रॅकवर गाणं सुरू व्हायच्या आधी काही सेकंद माणसं बोललेली असतात, कुणी तार लावत असतं, कुणी ‘झालं का, घेऊया?’ म्हणतं. उतरवणाऱ्याला सांगून ठेवा, ते कापायचं नाही.